दोन्ही ताटांत कापून वाढलेलं

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे म्हणायचे खात्रीसाहेब. कारण दिवसातून पन्नास वेळा त्यांच्या तोंडून एकच प्रश्न निघायचा, "खात्री केलीस का?" मशीनची जाळी बसली? खात्री केलीस का? बटण बंद आहे? खात्री केलीस का? एखादा नवखा वैतागून म्हणायचा, "साहेब, आत्ताच तर केली." त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "मग परत कर. तुझं काय जातंय?" कॅन्टीनमध्ये त्यांची नक्कल व्हायची. चहाचा कप तोंडाला लावण्याआधी कुणीतरी आत डोकावून गंभीरपणे विचारायचं, "चहाच आहे ना? खात्री केलीस का?" आणि टेबलभर हशा पिकायचा. हे सगळं त्यांच्या कानावर यायचं. ते कधी रागावले नाहीत.

वय छपन्न. अंगाने सडसडीत, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. हुद्दा, सुरक्षा अधिकारी. दर सोमवारी सकाळी आठ वाजता नवीन आलेल्या कामगारांना ते वीस मिनिटांचं भाषण द्यायचे. दहा मिनिटं नियम सांगून झाले की मुलं जांभया द्यायला लागायची. मग खात्रीसाहेब हातातला कागद खाली ठेवायचे.

"आमच्याकडे एक कामगार होता," ते म्हणायचे. "माझ्यापेक्षा हुशार. त्याच्याइतका हात साफ या शेडमध्ये कुणाचा नव्हता. प्रेसमध्ये पुठ्ठा अडकला की हात घालण्याआधी बटणावर लाल पाटी लावायची, हा आपला नियम. सोळा वर्षं त्याने ती लावली. आणि एक दिवस, एकच दिवस, तो विसरला."

खोलीतल्या जांभया थांबायच्या. खात्रीसाहेब पाण्याचा घोट घ्यायचे. त्या 'विसरला' शब्दानंतर त्यांना तो घोट लागायचाच. लोकांना वाटायचं, माया आहे. कारण तो कामगार म्हणजे त्यांच्या बायकोचा थोरला भाऊ, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या भावाला सगळं घर दादा म्हणायचं, म्हणून खात्रीसाहेबही दादाच म्हणायचे, वयात दोनच वर्षांचं अंतर असलं तरी. खरं तर नात्याआधीची ती दोस्ती. दादांनीच त्यांना या कारखान्यात चिकटवलं, प्रेस चालवायला शिकवलं, भाड्याच्या खोलीत अर्धी जागा दिली आणि पुढे आपली धाकटी बहीणही दिली. दादांची बायको लेक चार वर्षांची असताना गेली. खात्रीसाहेबांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे दादांची लेक दोन्ही घरांत वाढली. सकाळची वेणी आत्याकडे, संध्याकाळचा अभ्यास बाबांकडे, आणि सायकल शिकवायला आतोबा.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी काय झालं, ते जगात एकाच माणसाला माहीत होतं.

खात्रीसाहेब चहा पिऊन परत आले तेव्हा प्रेस बंद होता. बटणावर लाल पाटी होती. त्यांनी ती पाहिली. चांगली डोळ्यांनी पाहिली. पण त्या महिन्यात रात्रपाळीवाले पाटी काढायला रोज विसरत होते, आणि खात्रीसाहेब रोज शिव्या घालत ती काढत होते. आजही तेच असणार असं त्यांनी धरलं. माल वेळेत जायचा होता, शिवाय चहाला पाच मिनिटं जास्त झाली होती. मशीनच्या पलीकडे वाकून पाहायला चार पावलं लागली असती. त्यांनी पाटी काढली, काखेत धरली आणि बटण दाबलं.

दादांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

लोक धावले. दादांना उचलून दाराकडे नेलं. त्या धावपळीत खात्रीसाहेबांच्या लक्षात आलं की पाटी अजून आपल्या काखेत आहे. भिंतीवर तिचा खिळा होता. त्यांनी ती खिळ्याला अडकवली. त्यात काही डाव नव्हता, असं ते पुढे कैक वेळा स्वतःला सांगत राहिले. वस्तू जागेवर ठेवायची सवय, एवढंच. पण दुपारी चौकशीला साहेब आले आणि त्यांनी विचारलं, "पाटी लावलेली होती का?" तेव्हा सगळ्यांचे डोळे भिंतीकडे गेले. पाटी तिथे होती. आणि खात्रीसाहेब म्हणाले, "मला दिसली नाही."

दादांना त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असा धक्का बसला की आधीचा अर्धा-एक तास पुसला जातो. कधी परत येतो, कधी येत नाही. दादांचा आला नाही. त्यांनी भिंतीवरच्या पाटीची हकिकत ऐकली आणि मान्य केली. "विसरलो असणार," ते म्हणाले. "दुसरं काय?"

त्यानंतर खात्रीसाहेब प्रत्येक गोष्ट तीनदा तपासू लागले. त्याचं वरच्यांनी कौतुक केलं आणि त्यांना सुरक्षेचं काम दिलं. अशी ती बढती.

---

तो गुरुवार होता. दुपारी साडेचारला बायकोचा फोन आला. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची आणि फोनवर नेहमी गिऱ्हाईक समोर उभं असल्यासारखं भराभर बोलायची.

"अहो, ऐकताय ना? दादा येतोय आज साडेसहाला. मला काही आठच्या आधी सुटता येत नाही, दुसरी मुलगी रजेवर आहे. तुम्हीच करा काहीतरी."

"मी? मी काय करू?"

"फ्रीजमध्ये स्टेक आणून ठेवलेत दोन. चांगले बोटभर जाड..." ती थांबली. "म्हणजे बऱ्यापैकी जाड आहेत. बटाटे आहेत. एकाच तव्यात होतं सगळं. अर्ध्या तासाचं काम. आधी बटाटे, मग मांस, उलटं करू नका. आणि सारखे उचलून बघत बसू नका, नाहीतर त्याला रंग यायचा नाही."

"दादा काय म्हणून येतोय?"

"तुमच्याशीच बोलायचंय म्हणाला. मला सांगितलं नाही. ठेवते, लोक उभे आहेत."

माझ्याशी बोलायचंय. बसमध्ये सगळा वेळ खात्रीसाहेब तेच वाक्य घोळवत होते. अकरा वर्षांत दादा त्यांच्याशी "बोलायला" म्हणून कधीच आले नव्हते. आठवलं तर नसेल काही? दरवेळी हीच शंका पहिली यायची. दादा जरा गप्प बसले, एकटक बघू लागले, की खात्रीसाहेबांना वाटायचं, आता आठवलं. आणि दरवेळी दादा म्हणायचे, "जरा मीठ दे रे तिकडचं."

घरी आल्याबरोबर त्यांनी मांस फ्रीजमधून काढून ओट्यावर ठेवलं, थंडगार मांस तव्यात टाकायचं नसतं एवढं त्यांना माहीत होतं. बटाटे धुतले, सालासकट दोन-दोन तुकडे केले, मोठ्यांचे चार. बिडाचा खोलगट तवा काढला. तो सासूबाईंचा, उचलायला दोन हात लागायचे. तेल तापल्यावर एकेक बटाटा कापलेली बाजू खाली करून मांडला, रांगेत, शेडमध्ये खोकी लावावीत तसा. चमचाभर पाणी शिंपडून वर झाकण घातलं. दहा मिनिटं. घड्याळ पाहिलं. गॅस पाहिला. परत घड्याळ पाहिलं.

झाकण काढलं तेव्हा वाफ तोंडावर आली. सुरी टोचली, ती आत गेली. पाणी आटून बटाट्यांच्या बुडाला तांबूस साल धरली होती. ते त्यांनी एका थाळीत काढून ठेवले. मांस स्वच्छ फडक्याने कोरडं टिपलं, दोन्ही बाजूंनी मीठ आणि भरड मिरी लावली. आच मोठी केली. तव्यातून धुराची पहिली रेघ निघाली तसे दोन्ही काप सोडले. चर्रर्र झालं आणि त्यांनी दचकून हात मागे घेतला.

उचलून बघायचं नाही. तीन मिनिटं. खात्रीसाहेबांच्या आयुष्यातली ती फार लांब तीन मिनिटं. मग चिमट्याने उलटलं. रंग आला होता, खमंग, गडद. दुसऱ्या बाजूला दोन मिनिटं झाल्यावर लोण्याचा गोळा टाकला, लसणाच्या चार पाकळ्या ठेचून टाकल्या, तवा तिरका करून वितळलेलं लोणी चमच्याने वरून घालत राहिले. मांस कापायच्या पाटावर काढून ठेवलं, रस आत मुरायला. बटाटे परत तव्यात, त्या रसात घोळवून घेतले. घरभर वास सुटला. सहा पंचवीस झाले होते. आपल्याला जमलं याचा त्यांना क्षणभर खरोखर आनंद झाला.

मग त्यांनी ताटं मांडली. काटे ठेवले. सुऱ्या ठेवल्या. आणि दादांच्या ताटाशी सुरी ठेवता ठेवता त्यांचा हात तसाच राहिला.

स्टेक कापायला दोन हात लागतात.

हे बायकोच्या लक्षात नव्हतं असं नाही. दादा जेवायला आले की ती काय करते, ते खात्रीसाहेबांना तेव्हा कुठे उमगलं. ती मांस आतूनच कापून आणायची, आणि सगळ्यांच्याच ताटांत तसं वाढायची, कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून. अकरा वर्षं ते कापलेलं मांस खात आले होते आणि त्यांना वाटायचं, बायकोची पद्धतच आहे ती.

त्यांनी सुऱ्या परत ठेवल्या. पाटाशी उभं राहून दोन्ही काप मांसाच्या धाग्यांना आडवा छेद देत पातळ चिरले. आधी दादांचा, मग स्वतःचा. पाटावर रस वाहत होता, तो त्यांनी पुसला. परत पुसला.

---

दादा वेळेवर आले. नेहमीसारखे दारातच थांबले, डाव्या हाताने खिशातून छोटी वही काढली, काहीतरी पाहिलं, मग आत आले. ती वही अकरा वर्षं त्यांच्या खिशात होती. गॅस बंद. खिडकी. चावी. औषध. दिवसभरात करायच्या आणि केलेल्या सगळ्या गोष्टी त्यात लिहिलेल्या असायच्या, डाव्या हाताच्या मोठाल्या अक्षरांत. आता ते पोहण्याच्या तलावावर फाटकाशी तिकिटं तपासायचे. त्यांना काठावर बसून मुलांवर लक्ष ठेवायचं काम देऊ केलं होतं. ते नको म्हणाले होते.

"वास तर झकास आहे," दादा म्हणाले. "कुणी केलंय? शेजारीण आली होती का?"

"मीच केलंय."

"मग आधी तू खा. मी बघतो काय होतं ते."

दोघे बसले. दादांनी डाव्या हातात काटा घेतला, ताटाकडे पाहिलं, मग खात्रीसाहेबांच्या ताटाकडे पाहिलं.

"तुझंही कापलेलं? तुझ्या हाताला काय झालंय रे?"

खात्रीसाहेब गोरेमोरे झाले. "असंच... बरं पडतं खायला."

"बरं, बरं." दादा हसले. एक बटाटा तोंडात टाकला, डोळे मिटले. "अरे, हे जमलंय तुला. खरंच जमलंय. मांसही मऊ आहे. आता तिला कारखान्यात पाठव आणि तू घरी बस."

दादांनी आणखी दोन-तीन बटाटे खाल्ले. मग दादांनी काटा ताटाच्या कडेला टेकवला.

"लेकीचा फोन येतोय रोज. दोन महिन्यांवर आलंय तिचं. म्हणते, बाबा, इकडेच या राहायला. मी कामावर रुजू झाले की बाळाला तुम्ही बघा. परक्या बाईकडे मला ठेवायचं नाही. जावईही म्हणतो."

"मग? चांगलंच आहे की."

"मी नाही म्हणालो. तिला राग आलाय. रडली. तिला वाटतंय मला नकोय म्हणून." दादांनी अंगठ्याने टेबलावरचा एक कण पुढे-मागे सरकवला. "आता तिला कसं सांगू? मूल आहे ते. मी पाणी गरम करायला ठेवीन आणि विसरीन. दार लावायचं विसरीन. सोळा वर्षं रोज केलेली गोष्ट मी एक दिवस विसरलो, आणि मी विसरलोय हेसुद्धा मला आठवत नाही. अशा माणसाच्या हातात लहान मूल देतात का?"

खात्रीसाहेबांनी काटा खाली ठेवला.

"म्हणून आलो तुझ्याकडे," दादा म्हणाले. "आतोबाचं ऐकते ती. तूच फोन कर. तू तर दर सोमवारी पोरांना समजावतोस. तसं तिला समजाव, की बाबा का नको म्हणतायत. तुला ते नीट सांगता येईल."

खिडकीबाहेर अजून ऊन होतं. खाली कुणाची तरी मुलं चेंडू भिंतीवर आपटत होती.

"दादा, तू विसरला नव्हतास."

"काय?"

"पाटी. तू लावली होतीस. बटणावर होती. मी काढली."

दादांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. "परत सांग."

खात्रीसाहेबांनी परत सांगितलं. चहा, रात्रपाळीवाले, चार पावलं, काख, बटण. खोलीतला आवाज आपलाच आहे असं त्यांना वाटेना.

"तू पाहिलीस ती पाटी."

"पाहिली."

"अक्षरं कुठल्या बाजूला होती?"

"समोर. नीट लावलेली होती. तू नेहमी लावायचास तशी."

"मग भिंतीवर कशी गेली?"

"मी अडकवली. तुला ते लोक दाराकडे नेत होते तेव्हा."

दादांनी मान हलवली, सावकाश, एखाद्या मशीनचा बिघाड समजून घ्यावा तशी. "म्हणजे मी तिकडे ओरडत होतो आणि तू पाटी जागेवर लावत होतास."

"हो."

"म्हणजे मी लावली होती," दादा म्हणाले. आणि एकदम हसले. ते हसू कुणाला दाखवायचं नव्हतं, ते नुसतं आलं. "मी लावली होती पाटी. हं. मला तेव्हा वाटलं होतं. पहिल्या रात्री मला सारखं वाटत होतं, मी असं कसं करीन? मी लावलीच असणार. मग सगळे म्हणाले नव्हती. तू म्हणालास नव्हती. मग मी म्हटलं, आपलंच डोकं गेलं."

त्यांनी खिशातली वही काढली. उघडली, दोन-तीन पानं उलटली. त्या पानांवर 'गॅस' आणि त्यापुढे तीन तीन खुणा होत्या. ते बराच वेळ त्या खुणांकडे बघत बसले. तोवर हसू गेलं होतं. त्यांचा चेहरा लाल होत चालला, कानांपर्यंत.

"बोटांचं मी काही म्हणत नाही," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच खात्रीसाहेबांना भीती वाटली. "चूक होते माणसाची. माझ्याकडूनही झाली असती. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात येऊन म्हणाला असतास, दादा, माझ्याकडून झालं, तर मी चार शिव्या घातल्या असत्या आणि संपलं असतं. पण तू मला वेडा करून ठेवलंस रे. अकरा वर्षं. मी लेकीला गाडी शिकवली नाही, शेजारी बसून चुकीचं काही सांगेन म्हणून. तलावावर पोरांजवळ बसलो नाही. दार लावून तीनदा जिना चढून परत येतो. आणि तू काय केलंस? तू त्याचं भाषण केलंस!"

"दादा, मी..."

"बोलू नकोस."

माफीचे शब्द त्यांच्याजवळ अकरा वर्षं तयार होते, कितीतरी तऱ्हांनी जुळवलेले. ते एकदम फार स्वस्त वाटले.

दादांनी फोन काढला, टेबलावर ठेवला आणि डाव्या हाताच्या बोटाने लेकीचा नंबर लावला. "मीच बोलतोय," ते म्हणाले. "ऐक. मी येतो. हो, राहायला. बाळाला मी बघीन... नाही गं, कुणी काही म्हणालं नाही. माझा एक गैरसमज होता, तो गेला. रडतेस कशाला आता? येतो म्हणतोय ना?"

फोन ठेवून ते उठले. ताटात अर्धं मांस तसंच होतं, बटाटे थंड होऊन लोणी गोठलं होतं.

"तिला सांगितलं नाही मी," दादा म्हणाले. "तुझ्यासाठी नव्हे. पोटात बाळ आहे तिच्या, म्हणून. आणि माझ्या बहिणीला तू सांगायचंस. आजच. मी नाही सांगणार."

दारापर्यंत जाऊन ते थांबले. वही खिशात टाकायला गेले, पण टाकली नाही. जिन्यावरून त्यांची पावलं खाली गेली, आणि या वेळी ती परत वर आली नाहीत.

---

बायको सव्वाआठला आली. टेबलावरची दोन अर्धी ताटं पाहून म्हणाली, "हे काय, दादा जेवला नाही? करपवलंत का?"

त्यांनी तिला उभ्यानेच सांगितलं. तिने खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मी त्याला बोलले होते. हॉस्पिटलात. शुद्धीवर आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हटलं, दादा, एवढी एक पाटी लावायला काय झालं होतं तुला? लेकीचा तरी विचार करायचास."

"माहीत आहे. मी तिथेच होतो."

"तुम्ही तिथेच होतात," ती म्हणाली. मग पिशवीत काय आहे काय नाही न बघता ती तशीच दादांकडे निघून गेली.

सोमवारी नऊ नवीन कामगार होते. खात्रीसाहेबांनी नियम सांगितले आणि कागद खाली ठेवला. "आमच्याकडे एक कामगार होता," त्यांनी सुरुवात केली. "त्याने पाटी लावली होती. दुसऱ्या एकाने ती काढली, न बघता बटण दाबलं, आणि चौकशीत खोटं बोलला." पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, तो दुसरा माणूस अजून आहे का इथे कामाला?"

"आहे," खात्रीसाहेब म्हणाले. "तो मी."

तिथून ते सरळ व्यवस्थापकांच्या खोलीत गेले आणि सगळं लिहून दिलं. व्यवस्थापक नवीन होते, तरुण होते. त्यांनी दोनदा विचारलं, "हे आता कशाला? एवढ्या वर्षांनी कुणी विचारलंय तुम्हाला?" पण कागद हातात आल्यावर त्यांचाही इलाज नव्हता. जुनी फाईल निघाली. महिन्याभराने दादांच्या पत्त्यावर एक पत्र गेलं. अपघाताच्या वेळी संबंधित कामगाराने सूचनेची पाटी योग्य रीतीने लावलेली होती, अशी नोंद दुरुस्त करण्यात येत आहे. चार ओळींचं. बायकोने ते वाचलं होतं. दादांनी त्यावर काय म्हटलं, ते तिने सांगितलं नाही.

खात्रीसाहेबांना रद्दीच्या विभागात पाठवलं. कापून उरलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या गोळा करायच्या आणि गठ्ठे बांधायचे. काम वाईट नव्हतं. कॅन्टीनमध्ये त्यांची नक्कल बंद झाली. ते आत आले की टेबलावरचं बोलणं हळू व्हायचं, एवढंच. हशा परत यावा असं त्यांना फार वाटायचं.

बायको तीन आठवडे दादांकडे राहिली आणि एका रविवारी परत आली. का गेलीस, का आलीस, असं काही झालं नाही. "दूध आणलंय का?" तिने विचारलं आणि कपाटात कपडे लावायला घेतले. अहो म्हणून हाक मारायची तिने सोडली होती. जे सांगायचं ते ती खोलीत येऊन सांगायची. त्यांनीही तिला घाई केली नाही. दादांच्या लेकीला मुलगी झाली तेव्हा बायको आठ दिवस तिथे राहून आली. फोनमधले फोटो तिने टेबलावर ठेवले, त्यांना दिसतील असे, आणि स्वतः दुसऱ्या खोलीत गेली. एका फोटोत बाळ कुणाच्या तरी मांडीवर होतं. मांडीवरचा उजवा हात त्यांनी ओळखला.

त्यानंतर चार महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी सकाळी, तिचा फोन वाजला. ती न्हाणीघरात होती. दादांचं नाव दिसलं, म्हणून खात्रीसाहेबांनी तो वाजू दिला. थांबला. परत वाजायला लागला. बाळाचं काही असलं तर, या विचाराने त्यांनी उचलला.

"ती आंघोळीला गेलीय," ते म्हणाले.

दादांनी फोन ठेवला असं वाटून ते तो कानापासून काढणार, तेवढ्यात आवाज आला.

"आज मी एकट्याने न्हाऊ घातलं तिला. लेक बाहेर गेलीय."

"एकट्याने?"

"हो. निसटते फार. माशासारखी." मागे बाळ कुरकुरत होतं. "झालं सगळं व्यवस्थित."

खात्रीसाहेबांना किती गोष्टी विचाराव्याशा वाटल्या. पाणी कसं पाहिलं, कुठल्या हातावर धरलं, रडली का. त्यांनी एकच शब्द काढला. "बरं."

"तुला सांगायला नव्हता केला फोन."

"माहीत आहे."

"तिला म्हणावं, परत करतो," दादा म्हणाले आणि फोन बंद झाला.

न्हाणीघराचं दार उघडलं. बायको केस पुसत बाहेर आली. तिच्या हातात फोन देताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"दादाचा होता," ते म्हणाले. "तुझ्यासाठी. परत करतो म्हणाला."